गिरणीच्या हुकाला कुलूप

सुईत दोरा ओवताना माझे डोळे कुरकुर करायला लागले, त्याच वर्षी आमच्या घरची गिरणीही बंद पडली. बिघडली नव्हती. गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. घोडेगावच्या अलीकडे आमचं गाव, आणि तिथे आता दर दोन घरांआड घरघंटी आलेली. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेलं डिझेलचं इंजिन आणि दळणाचे दगड ओसरीच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडून होते. मी आयुष्यभर बायकांचे ब्लाउज शिवले. आता तेही हातून सुटत चाललं होतं. त्यामुळे त्या पोत्याकडे बघून मला उगाचच त्या इंजिनाची कीव यायची.

एका दुपारी धाकटी जाऊ शेंगा निवडता निवडता म्हणाली, "अक्का, लोकांनीच गिरणीकडं यायला पाहिजे असं कुणी ठरवलं? आपण गिरणी लोकांकडं नेऊ."

जाऊ बोलते ते करते. तिची शाळेतली एक मैत्रीण तळेघरच्या पुढे एका वाडीत अंगणवाडीत काम करते. तिकडे पावसाळ्यात वीज गेली की आठवडा आठवडा येत नाही, आणि बायका तांदूळ-नाचणी डोक्यावर घेऊन दळणासाठी डोंगर उतरतात, हे जाऊला तिच्याकडूनच कळलं होतं. जीप दारात होतीच. पूर्वी दीर तिच्यावर नारायणगावचं वडाप करायचे, सीटवर माणसं न्यायचे. ते चाकणला कंपनीत लागल्यापासून जीप कोंबड्यांच्या ताब्यात गेली होती. जाऊ तीच चालवायला शिकली, आधी खळ्यात, मग रानात, मग रस्त्यावर.

राहिला प्रश्न गिरणी ठेवायची कशावर. तोही सुटला. डिंभे धरणाच्या पाण्याकाठी पुण्याच्या एका साहेबांनी जागा घेतली होती. त्यांनी हौसेनं एक लहान होडी आणली आणि ती ओढायला एक दोन चाकांचा ट्रेलरही. होडी पहिल्याच वर्षी गळायला लागली. साहेबांची हौस तिच्याबरोबर बुडाली आणि ट्रेलर आमच्याकडे आला, जीपला लावायच्या हुकासकट.

हा हूक आमच्याकडच्या ट्रॅक्टरच्या पिनेसारखा नव्हता. जीपच्या मागे मोसंबीएवढा लोखंडी गोळा, आणि ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला त्या गोळ्यावर टोपीसारखा बसणारा कप. कप बसला की वरची मूठ खाली दाबायची. खट् असा आवाज आला की जोडलं गेलं. सोडायचं असेल तर मूठ उचलायची. शिवाय एक साखळी असायची, ती लावायचं काम माझ्याकडे. इतकं सोपं होतं की माझ्या नवऱ्याला शंकाच आली. "एवढ्याशा मुठीवर इंजिन जाणार डोंगरात?" असं म्हणत त्यांनी ती पाच-सहा वेळा उघडून मिटून पाहिली.

पहिल्या दोन खेपा झोकात झाल्या. मैत्रिणीची वाडी डांबरी रस्त्यालगत होती. तिथे शाळेपुढे ट्रेलर उभा केला, इंजिन धडधडलं की घराघरातून पाट्या, पिशव्या, डबे यायला लागायचे. त्या वाडीच्या वर, डोंगराच्या कुशीत आणखी एक वाडी होती. तिथल्या बायकांना आम्ही दोन्ही वेळेला निरोप पाठवला होता, "तुमच्याकडेही येतो." पण खालचं दळण सरेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि वरचा रस्ता लाल चिखलाचा. जाऊ त्याच्याकडे एकदा बघायची आणि म्हणायची, "पुढच्या खेपेला." मलाही घरी जाऊन पाठ टेकायची घाई असायची, म्हणून मीही मान डोलवायचे.

तिसऱ्या खेपेला धुक्यानं घाट असा भरला की जाऊनं उतरायला नकार दिला. आम्ही मैत्रिणीकडेच मुक्काम केला. जीप आणि मागे जोडलेली गिरणी शाळेपुढे राहिली.

सकाळी चहा घेऊन बाहेर आलो. जीप होती. जीपच्या मागचा गोळा होता. गोळ्याच्या मागे काहीच नव्हतं.

जाऊनं जीपभोवती एक पूर्ण चक्कर मारली. मग दुसरी मारली. मग माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात विचारलं, "अक्का, काल आपण गिरणी आणली व्हती ना?"

मला हसू येईना आणि रडूही येईना. मैत्रीण धावत आली, शेजारी आले. कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं. तेवढ्यात मला चिखलात चाकांचे ओरखडे दिसले, आणि त्यांच्या मधोमध बैलांच्या खुरांचे ठसे. ओरखडे खाली घाटाकडे जात नव्हते. सरळ वर चढत होते.

"चोर इंजिन घेऊन डोंगर कशाला चढेल?" मी म्हणाले.

मैत्रिणीनं वरच्या वाडीच्या दिशेला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"चालत जायचं?" जाऊनं विचारलं.

"जिथून बैल इंजिन ओढून गेले, तिथून तुझी जीप का नाही जाणार?"

जाऊ जीपमध्ये बसली. चिखल होता, घसरलोही, पण रस्ता वाटला होता तितका वाईट नव्हता. वर पोचलो तर एका मोठ्या जांभळीखाली आमची गिरणी उभी. चाकांना दगड लावलेले, इंजिनावर कुणाचा तरी कोरा करकरीत प्लास्टिकचा कागद पांघरलेला. शेजारी बायका ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीपुढे दळण. एक उंच, काटकुळ्या आजी छत्री टेकवून उभ्या होत्या. आम्हाला पाहताच त्या मागे वळून म्हणाल्या, "आल्या बाया. च्या टाका गं!"

जाऊ जीपमधून उतरली तीच कडाडत. "आजी, ही चोरी हाय! कुणाला इचारून आणली?"

"चोरी?" आजींना खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. "चोरी केली असती तर च्या ठिवला असता का? दोन येळा तुमी येतो म्हणून सांगितलं, अन् दोन्ही येळा खालनंच माघारी गेल्या. उद्या माझ्या पणतवाचं बारसं हाय. लई पावणं यायचंत. त्यांच्या पुढ्यात भाकरी वाढू का तांदळाचं दाणं?"

"म्हणून गिरणी पळवायची?"

"पळवली न्हाई बाय. फकस्त जागा बदलली. इंजिनाला कुणी बोट लावलं न्हाई. इचार पायजे तर."

जाऊनं माझ्याकडे पाहिलं, मी चिखलाकडे पाहिलं. चहा आला, गुळाचा, आलं घातलेला. तो पिऊन होईपर्यंत जाऊचा राग निम्मा झाला होता, आणि इंजिन सुरू झाल्यावर उरलेला त्या आवाजात विरला.

दिवसभर दळलं. तांदूळ, नाचणी, रेशनचे गहू. ओळीत एक सून नुसतंच ब्लाउजचं कापड घेऊन बसली होती. तिचा नंबर आल्यावर तिनं ते माझ्यापुढे धरलं. गिरणी वर येताना कुणीतरी ओरडलं होतं, "टेलर आणलाय, टेलर!" आणि ही बिचारी पहाटेपासून शिंप्याची वाट बघत होती. बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मी मात्र मनातून खूश झाले. सुतळीनं तिची मापं घेतली, गाठी मारून ठेवल्या आणि कापड पिशवीत टाकलं.

निघताना ट्रेलर जोडायला गेलो तेव्हा मूठ जरा वाकडी दिसली. जाऊनं जोर लावून दाबली. आवाज आला, पण रोजच्यासारखा खणखणीत नाही. मी साखळी अडकवली. वाडीतले चार-पाच जण आम्हाला पहिल्या वळणापर्यंत सोडायला मागून चालत होते, हे आमचं नशीब.

कारण त्याच वळणावर चाक खड्ड्यात गेलं आणि मागे जोराचा दणका बसला. मी वळून पाहिलं. कप गोळ्यावरून उडाला होता आणि सगळी गिरणी साखळीवर लोंबत डावी-उजवी झुलत होती. मी जाऊचा हात घट्ट धरला. जाऊनं आरशात पाहिलं. एकदम ब्रेक दाबला असता तर इंजिन जीपवर येऊन आदळलं असतं. तिनं वेग हळूहळू उतरवला आणि जीप डोंगराच्या बाजूला घेतली. ट्रेलरचा दांडा चिखलात रुतला आणि सगळं थांबलं.

मग जाऊ म्हणाली, "अक्का, हात सोडा माझा. दुखतोय."

मागची माणसं धावत आली. सगळ्यांनी मिळून दांडा उचलला. त्यातला एक जण मान खाली घालून म्हणाला, "ताई, आमचंच चुकलं. मूठ निघंना म्हून दगड हाणला व्हता." त्यानं बैलांच्या दाव्यानं कप गोळ्याला करकचून बांधला आणि घाट संपेपर्यंत स्वतः जीपमध्ये मागे, दाव्यावर डोळा ठेवून बसला.

दुसऱ्या दिवशी नारायणगावला गेलो. टोमॅटोच्या पिकअप गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत एका ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे पोचलो. मूळचे जुन्नरचे, घरात पिढ्यांचं लोहारकाम. हूक पाहून ते चुकचुकले.

"वहिनी, मूठ कामातून गेली. नवीन टाकावी लागेल. आणि टाकायचीच तर कुलपाची टाका. पुण्याहून मागवतो."

"कुलपाची?" जाऊचे डोळे चमकले.

"मुठीतच चावीचं भोक असतं. कप गोळ्यावर बसवला, मूठ दाबली, चावी फिरवली की मूठ उचलली जातच नाही. लोकांना वाटतं कुलूप चोरासाठी. खड्ड्यालाही ते तितकंच चालतं. पण गोळासुद्धा बदला. हा झिजलाय. गोळा आणि कप एका मापाचे नसतील तर कुलूप नुसतं शोभेला."

हूक आला, बसला. जाऊनं चावी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि दिवसभर तिच्यावरून हात फिरवत होती. मला मात्र चैन पडेना. त्या लोकांनी आम्हाला चहा पाजला होता, घाटभर सोबत केली होती. आता त्यांच्या दारात कुलूप घेऊन जायचं?

"त्यांना काय वाटेल गं?"

"वाटू दे की! दगड त्यांनीच हाणला ना?"

"मग आधी वरच्या वाडीला जाऊ," मी म्हणाले. "वरून सुरुवात करू, दळत दळत खाली येऊ. म्हणजे कुणाला काही हलवायची गरजच नाही."

हे इतकं साधं होतं, आणि आम्हाला तीन खेपा ते सुचलं नव्हतं.

जांभळीखाली पोचलो तेव्हा सगळ्यात आधी आजीच आल्या. बारशाची मिठाई त्यांनी आमच्यासाठी राखून ठेवली होती. ती हातावर ठेवता ठेवता त्यांची नजर हुकाकडे गेली. छत्रीवर भार देऊन त्या खाली वाकल्या, चावीच्या भोकावरून बोट फिरवलं.

"ह्ये आमच्यासाठी का?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण आजी सरळ माझ्या डोळ्यांत बघत होत्या.

"अर्धं तुमच्यासाठी," मी म्हणाले. "आणि अर्धं त्या वळणासाठी."

आजींनी थोडा विचार केला. मग वळून हाक मारली, "या रं समदे! कुणाला निघतंय बघू!"

मग जे झालं ते जत्रेत शोभावं. दगड हाणणारा पहिला आला. आधी दगड हातातून टाकून दाखव, म्हणून बायकांनी त्याला हैराण केलं. त्यानं दोन्ही हातांनी मूठ ओढली, लाल झाला आणि बाजूला झाला. मग दुसरा, तिसरा. एक नवी सून पदर खोचून पुढे आली आणि तिनंही जोर करून पाहिला. जीप हलली, ट्रेलर हलला, मूठ काही हलली नाही. जाऊ गळ्यातली चावी धरून हसत उभी होती, जणू कुलूप तिनंच घडवलं होतं.

"लई झाक!" आजींनी निकाल दिला. "आता खालच्या वाडीवाल्यांच्या बापाला बी हितनं न्येता यायची न्हाई. मंग मुक्काम बी हितंच करा की. कुलूप हाय, भ्या कशाचं?"

म्हणजे कुलपाचा त्यांना राग आला नव्हताच. ते आपल्याच बाजूचं आहे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आम्ही त्या दिवशी तिथेच राहिलो, आणि मी कापड दिलेल्या सुनेला तिचा ब्लाउज दिला. खांद्यात थोडा सैल झाला होता, पण तिनं तो लगेच घालून सगळ्यांना दाखवला.

आता खालच्या वाडीची तक्रार असते की वरच्यांना आधी ताजं पीठ मिळतं. जाऊची मैत्रीण फोनवर रुसते. जाऊ तिला सांगते, "दगड हाणतात त्यांच्याकडं आधी, मग तुमच्याकडं," आणि ती आणखी चिडते.

मागच्या खेपेला निघताना आजी येऊन जीपच्या पुढच्या सीटवर बसल्या. खालच्या वाडीत त्यांची धाकटी बहीण राहते. गुडघ्यांमुळे उतरणं होत नव्हतं, म्हणून पावसाळाभर भेट नव्हती. मी मागे पोत्यांत बसले. वाटेत आजी जाऊला गाडी कशी चालवायची ते सांगत होत्या आणि जाऊ, जी कुणाचं ऐकत नाही, "हो आजी, हो आजी" करत होती. उतरल्यावर त्यांनी कोमट पिठाची पिशवी छातीशी धरली, आणि दारात उभ्या असलेल्या बहिणीला लांबूनच ओरडून विचारलं, "तवा ठिवलाय का न्हाई अजून?"