चेहरा झाकलेला फोटो

"चिनी आहे तो! टोळी आहे त्यांची! पकडा त्याला! अहो, पोहे काय खात बसलात, तुम्ही पोलीस ना?"

रविवारची सकाळ. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमध्ये रविवारी पान पडलं तरी शेजाऱ्यांना ऐकू जातं. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजीबाईंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं, तरी आमच्या दिवाणखान्यात उभ्या गृहस्थांचा आवाज काही खाली येईना. बनियनवर ओव्हरकोट, एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात. ते वरच्या मजल्यावर मुलाकडे राहायला आलेले, वीज मंडळातून निवृत्त झालेले अधिकारी. नाव सांगणार नाही, कोणाचंच सांगणार नाही. त्यांना आपण वीजवाले म्हणू.

ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. लोक मला खून-दरोड्यांच्या केसेस विचारतात. त्या मी भरपूर केल्या. माझ्या नावाने तीन तालुक्यांतले कोंबडे पहाटे परवानगी मागून आरवत, असं लोक म्हणत, आणि मी ते कधी नाकारलं नाही. पण मला घडवून गेली ती केस वर्दी उतरवल्यानंतरची, लेकीच्या घरची, जिथे माझ्या हातात काठी नव्हती, शिट्टी नव्हती आणि भाषाही नव्हती.

वीजवाल्यांनी माझ्या लेकीला "बेटा, जरा पाणी आण" म्हणून आत पाठवलं आणि फोन माझ्यापुढे धरला. चीनच्या नंबरवरून आलेला फोटो. लाल दिव्यांचा बार. सोफ्यावर त्यांचा मुलगा, मान एका तरुणाच्या खांद्यावर टाकलेली, चेहऱ्यावर असं समाधान की जावयाने वर्षभराची रजा मंजूर झाल्यावरही एवढं दाखवलं नसतं. त्या दुसऱ्या तरुणाचा चेहरा मात्र काळ्या रंगाने पूर्ण झाकलेला. खाली इंग्रजीत दोन ओळी: लग्न मोडा, नाहीतर हा फोटो सगळ्यांना जाईल.

पुढच्याच रविवारी मुलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. आपली महाराष्ट्रातली बौद्ध मंडळी तिथे महिन्यातून एकदा हॉल भाड्याने घेऊन वंदना करतात. वंदनेनंतर तिथेच कार्यक्रम ठरला होता. मुलगी जर्मनीतल्याच येना शहरातली, तिथल्या संस्थेत भिंगांवर संशोधन करणारी. मुलगा गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत इंजिनीयर, दीड वर्ष चीनमध्ये चेंगदूला राहून आलेला.

"खोटा फोटो आहे," वीजवाले म्हणाले. "आजकाल काहीही जोडतात. आणि बघा, स्वतःचं तोंड कसं झाकलंय चोराने!"

"मुलगा कुठे आहे?"

"ब्रोट्शेन आणायला गेलाय बेकरीत. त्याला काही बोलू नका. साक्षगंध होऊ द्या."

आपल्या देशात मी लगेच दोन शिपाई पाठवले असते. इथे मी पोहे संपवले.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंना दुभाषा म्हणून घेऊन आम्ही तिथल्या पोलीस ठाण्यात गेलो. ठाणं कसलं, दातांचा दवाखाना! बाहेर घंटा दाबायची, आत कुंडीत झाडं, कोणी कोणावर ओरडत नाही. ठाणे अंमलदाराच्या जागी केस मागे बांधलेली एक पोरगी, माझ्या धाकटीच्या वयाची. मी तिला सांगितलं की मीही याच खात्यातला, एके काळी एकट्याने सतरा दरोडेखोर एका दोरीत बांधून आणले होते. जावयाने ते भाषांतरित केलं की नाही कोण जाणे. त्याने दोनच शब्द उच्चारले, आणि ती हसली.

तिने विचारलं, "पैसे मागितले?"

"नाही."

"मुलगा सज्ञान आहे?"

"एकतीसचा."

"मग तो का नाही आला?"

वीजवाले जावयाकडे वळले. मग म्हणाले, "तिला सांगा, आमच्याकडे याला कलम आहे." पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांना गुन्हा ठरवणारं ते कलम आपल्याकडे तेव्हा अजून जिवंत होतं.

ती म्हणाली, "इथे नाही. धमकी हा गुन्हा आहे. पण तक्रार मुलाची आहे. त्याला पाठवा." आणि वर "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणून फाइल मिटल्यासारखी मान हलवली. फाइल उघडलीच नव्हती.

परत येताना बसमध्ये वीजवाले खिडकीबाहेर बघत होते. मी माझ्या डोक्यात पंचनामा करत होतो. पैसे न मागणारा धमकीखोर मी नोकरीत दोनदाच पाहिला, आणि दोन्ही वेळा तो नातेवाईक निघाला. परका माणूस तुमचं पाकीट मागतो, तुमचा निर्णय फक्त घरचाच माणूस मागतो. शिवाय वीजवाल्यांचा नंबर जर्मनीचा, इथे उतरल्यावर घेतलेला. चेंगदूच्या बारमधल्या माणसाला तो स्वप्नात कळला?

आठवड्यात आणखी दोन धमक्या आल्या. तिसरी आल्यावर मी वर गेलो. वीजवाले अंघोळीला गेले होते. वहिनी भाजी निवडत होत्या. मी सहज विचारतो तसं विचारलं.

"वहिनी, मेसेज आला तेव्हा हे काय करत होते?"

"काय करणार? उपमा खाल्ला, रक्तदाबाची गोळी घेतली, अन् फोन वाजला."

"परवाचा?"

"परवा पण. नाश्ता, गोळी, अन् फोन."

"आणि रविवारचा?"

त्यांचा हात भाजीवर थांबला. "रविवारी पण गोळीनंतरच. भाऊजी, बरंच झालं म्हणायचं. गोळी पोटात नसती तर यांचं काय झालं असतं?"

"गोळी कोण देतं?"

"मीच. डबी पोरगा भरून ठेवतो. लई जीव आहे त्याचा. ऑफिसला पोचला की पहिला फोन घरी, रविवारी तर बेकरीतून केला, बाबांनी गोळी घेतली का? मी हो म्हटलं की ठेवतो."

मी चहा न घेता खाली आलो. पस्तीस वर्षांत मी विषप्रयोग करणारे पाहिले, झोपेत गळा दाबणारे पाहिले. बापाने रक्तदाबाची गोळी घेतल्याची खात्री करून मग धमकी देणारा गुन्हेगार मात्र पाहिला नव्हता. आणि त्या काळ्या रंगाचा उलगडाही तेव्हाच झाला. बदनाम करायला निघालेला माणूस दोघांचीही तोंडं दाखवतो. इथे स्वतःचं उघडं ठेवून दुसऱ्याचं झाकलं होतं.

शनिवारी सकाळी त्यांच्या दारावर झाडलोटीची पाटी लटकत होती. त्या भागात जिन्याची झाडलोट भाडेकरूंनी आठवड्याच्या पाळीने करायची, आणि त्यात चूक झाली तर खून केल्यासारखं बघतात. मुलगा ओळीने पायऱ्या पुसत खाली येत होता. मी मधल्या पायरीवर बसलो. चौकशीचा माझा एक नियम आहे: संशयिताच्या हातात काम द्यावं. हात मोकळे असले की माणूस खोटं रचतो.

"जर्मन पोलिसांनी उपग्रह लावलाय," मी ठोकून दिलं. "तो चिनी नंबर सापडला."

तो हसला. "काका, उपग्रहाने नाही हो असं सापडत."

"मग कशाने सापडतं?"

तो पुसत राहिला.

"गोळीने सापडतं," मी म्हणालो.

फडका बादलीत पडला. तो माझ्याकडे न बघता तिथेच बसला, ओल्या पायरीवर. खालच्या आजीबाईंच्या दारामागून रेडिओ ऐकू येत होता.

"जुनं चिनी सिम माझ्याकडेच होतं," तो म्हणाला. "बाबांना समोरून नाही म्हणता येत नाही मला. कधीच आलं नाही. शाखा त्यांनी निवडली, देश त्यांनी निवडला. वाटलं, धमकी आली की ते स्वतःच लग्न मोडतील. माझ्यावर चिडतील, पण मला बोलावं लागणार नाही."

"आणि तो कोण?"

त्याने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. चेंगदूत अशा मुलांचे बार उघडपणे चालायचे. एका इमारतीत वर हॉटपॉटचं, म्हणजे टेबलावरच उकळणाऱ्या लाल रश्शाचं हॉटेल, ज्याचं तिखट सावजीलाही रडवेल, आणि खाली लाल दिव्यांचा बार. तिथे बाहेरगावाहून आलेली पोरं बसत. गिऱ्हाइकाबरोबर प्यायची, गायची, आणि पैसे घेऊन बरोबर जायची. फोटोतला तो त्यातलाच एक. डोंगरातल्या खेड्यातला, घरी सांगितलेलं की हॉटेलात वेटर आहे.

"पहिल्यांदा मी पैसे दिले," मुलगा म्हणाला. "नंतर त्याने घेणं बंद केलं. मी जबरदस्तीने खिशात घालायचो, तो माझ्या बुटात परत ठेवायचा. जेवताना माझ्या वाटीतल्या मिरच्या वेचून काढायचा. त्याला सांगितलं, अरे मी विदर्भातला आहे, मला चालतात. तरी काढायचा."

"मग?"

"धाड पडली."

धाड म्हटल्यावर मला पुढचं सांगायला नको होतं, तरी मी सांगू दिलं. एकदम पांढरे दिवे लागले. चिनी मुलांना भिंतीपाशी उकिडवं बसवलं, हात डोक्यावर. परदेशी लोकांना बाजूला घेऊन पासपोर्ट पाहिले आणि जा म्हणाले. वीजवाल्यांचा मुलगा दारापर्यंत गेला. वळून बघितलं. तो चिनी पोरगा खाली फरशीकडे बघत होता. अधिकाऱ्याने त्याला विचारलं, याला ओळखतोस का, याच्याकडे बोट दाखवून. त्याने मान वर न करता नाही म्हटलं.

"आणि मी गेलो, काका. जिना चढून वर आलो. वर लोक हॉटपॉट खात होते."

बारमधल्या एका वयस्क कामगाराने नंतर त्याला सांगितलं की पोलिसांनी त्या पोराच्या गावी फोन केला. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

"म्हणून चेहरा झाकलास?"

"त्याचा एकदा दाखवून झालाय सगळ्यांना."

मग पोरगा पोलिसांच्या भाषेत आला. कुठून शिकला देव जाणे. "काका, 'अ' समरी नाही का करता येणार? गुन्हा खरा, आरोपी मिळून येत नाही. बाबांना एवढंच सांगा."

करता आली असती. माझ्या कारकिर्दीत आरोपी न मिळालेल्या केसेस मी अशा झोकात बंद केल्यात की फिर्यादी पेढे देऊन गेले. पण वीजवाल्यांनी ठरवलं होतं की फोटो खोटा आहे आणि साक्षगंध होणारच. येनाहून ती मुलगी थोड्याच वेळात गाडीत बसणार होती. 'अ' समरी केली असती तर दुसऱ्या दिवशी बुद्धमूर्तीसमोर तिच्या बोटात अंगठी गेली असती, आणि ती केस कोणालाच कधी बंद करता आली नसती.

"उठ," मी म्हणालो. "राहिलेल्या पायऱ्या मी पुसतो. तू वर जा."

तो गेला. मी पुसायला घेतलं. आजीबाईंनी दार उघडून माझ्याकडे बघितलं, कोपरा राहिल्याचं बोटाने दाखवलं आणि दार लावलं. तेवढ्यात वरून वीजवाल्यांचा आवाज आला. अख्ख्या इमारतीला मराठी आलं असतं तर अख्ख्या इमारतीला कळलं असतं. मग मधेच तो थांबला. मी बादली घेऊन वर गेलो, कारण अशा शांततेची मला नोकरीतली भीती आहे.

वीजवाले स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. मुलगा भिंतीला टेकून उभा. वहिनी दोघांच्या मधे, हातात गोळ्यांची डबी.

"धमकी तू दिलीस? मला?"

"हो बाबा."

"गोळी घेतल्यावर?"

"हो."

वीजवाल्यांनी डबीकडे बघितलं. मग टेबलावरचा फोन उचलला आणि माझ्या हातात दिला. "मुलीच्या घरी तुम्ही सांगा, इन्स्पेक्टरसाहेब. मला जमणार नाही."

मुलाने माझ्या हातातून तो काढून घेतला. "मी सांगतो." पोरगा आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या देखत स्वतःचं काम स्वतः करत होता. त्याने सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मुलगी स्टेशनवर उभी होती. फोन स्पीकरवर होता. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आल्झो, म्हणजे तू फोनवर नेहमी माझ्या भिंगांबद्दलच विचारायचास. मला वाटायचं, माझ्यातच काही कमी आहे. हे आधी सांगायचं होतंस." आणि तिकीट परत करायला निघून गेली. रागावली होती, आणि रागावायचा तिला हक्क होता.

पोलीस असताना मी नेहमी एकच प्रश्न विचारत आलो: फायदा कोणाचा? त्या केसमध्ये मला कळलं की विचारायला हवं, जपणूक कोणाची चालली आहे? काळा रंग आणि गोळी या दोन्ही गोष्टी जपणुकीच्या होत्या, म्हणून माझ्यासारख्या जुन्या पोलिसाला त्या इतक्या उशिरा दिसल्या. भित्रा माणूसही जपतो. फक्त तो ज्याला जपतो, त्याच्याबरोबर उभा राहत नाही.

वीजवाले पती-पत्नी परत निघाले त्या दिवशी मुलगा गाडी चालवत होता. मी विमानतळावर पोचवायला बरोबर होतो. बापलेकांमध्ये त्या शनिवारनंतर जेवण, औषध आणि हवामान एवढंच बोलणं झालेलं. वीजवाले पुढच्या सीटवर, मांडीवर पासपोर्टची पिशवी. विमानतळाच्या पाट्या दिसायला लागल्या तेव्हा त्यांनी समोर बघतच विचारलं.

"तो दुसरा. त्याला आईबाप आहेत का?"

"आहेत."

"सुटला का तो?"

मुलाने गाडी रांगेत घेतली.

"फोन बंद आहे, बाबा."