आधी दिलेली साक्ष

हे लिहायचा मला अधिकार आहे का, ते मला नीट माहीत नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, आणि परीक्षेतल्या निबंधांपलीकडं मी काही लिहिलेलं नाही. शिवाय आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, घरातलं चारचौघांपुढं सांगायची एक रीत आहे, तिला साक्ष म्हणतात. रविवारी उपासनेत गाणी झाली की पास्टर विचारतात, "कुणाची साक्ष आहे?" मग ज्याची प्रार्थना ऐकली गेली तो उभा राहतो. कुणाचं दुखणं बरं झालेलं असतं, कुणाच्या मुलीचं लग्न जमलेलं असतं. ज्याचं काहीच झालेलं नाही तो बसून राहतो. मी बसून राहणाऱ्यांतला आहे, आणि तरी लिहितोय.

आम्ही जालन्याकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. वडील गेल्यावर आई आणि मी मोशीला मोठ्या भावाकडं आलो. दादा चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सीटांच्या सांगाड्यांचं वेल्डिंग करतो. कंपनीत म्हणजे ठेकेदारामार्फत. काही महिने भरले की त्याला ब्रेक देतात. कार्ड जमा करायचं, घरी बसायचं, आणि पुन्हा बोलावलं तर नवं कार्ड, नवा नंबर. म्हणजे माणूस तिथं सलग राहिला असं कागदावर कधी दिसतच नाही. ज्या पोरांना दादानंच काम शिकवलं, ती ब्रेकनंतर त्याला विचारतात, "काय राव, नवीन भरती का?" तोही हसतो. घरी आल्यावर मात्र बूट काढायच्या आधी बराच वेळ पायरीवर बसतो. खोलीचं भाडं, आईची औषधं, माझी फी, सगळं त्याच्यावर, त्यामुळं काम सोडायची भाषा त्यानं कधी केली नाही.

मागच्या वर्षी सुपरवायझरनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं की कंपनी या वेळी ठेक्यावरच्या काहीजणांना पर्मनंट करणार आहे आणि तुझं नाव वर पाठवलंय. दादाचा इंटरव्ह्यूही झाला. आईनं उपवास धरला. वाट बघावी असं काहीतरी आमच्या घरात कितीतरी वर्षांनी आलं होतं.

त्याच सुमारास मंडळीत बाहेरगावचे एक प्रचारक आले. ते म्हणाले, मिळाल्यावर कुणीही आभार मानतं, तुम्ही मिळायच्या आधी मानून बघा. आईनं ते फार मनावर घेतलं. पुढच्या रविवारी पास्टरांनी विचारायचा अवकाश, ती उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझा मोठा मुलगा पर्मनंट झाला. प्रभूची स्तुती असो!"

आमची मंडळी हार्डवेअरच्या दुकानावरच्या पत्र्याच्या खोलीत जमते. तिथं टाळ्या फार मोठ्यानं वाजतात. दादा माझ्या शेजारीच होता. तो मान खाली घालून चटईची एक काडी सोलत राहिला.

परत येताना रस्त्यातच जुंपली.

"आई, काय बोललीस तू?"

"जे व्हायचंय ते बोलले."

"व्हायचंय. झालं नाही अजून."

"तुझ्याकडं झालं नसंल. त्याच्याकडं झालंय."

"मग त्यालाच म्हणावं एचआरला फोन लाव."

आईला हसू फुटलं आणि लगेच ती रागावली. "तोंड सांभाळ! देवाची काय थट्टा करतो?"

त्यानंतर लोक भेटले की "पेढे कुठायत?" म्हणायचे. मंडळीतल्या एक मावशी आपल्या मुलाच्या मार्कशीटा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी घेऊन आल्या. "आता तू मोठा माणूस झालास बाबा, आमच्या पोराला पण चिकटव कुठंतरी." दादानं पिशवी घेतली. नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी त्यानं ती खरंच ठेकेदाराच्या माणसाकडं दिली.

कंपनीकडून काहीच कळत नव्हतं. दादा हळूहळू उपासनेला येईनासा झाला. रविवारी ओव्हरटाइम आहे म्हणायचा. कधी असायचा, कधी नुसताच घरी पडून राहायचा. शेवटी एकदा तो आईसमोर बसला.

"आई, एकदा उभी राहा आणि सांग की अजून झालेलं नाही. लोक काय खाणारेत का तुला?"

"लोकांचं नाही रे." आई भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. "मी बोललेलं परत घेतलं, आणि मग तुझं खरंच अडलं तर? मग ते माझा विश्वास कमी पडला म्हणूनच अडलं ना?"

दादा त्या कार्डात अडकलाय हे मला दिसत होतं. आई एका वाक्यात तितकीच अडकलीय हे त्या दिवशी कळलं. आणि मी शिकतोय, पण दोघांपैकी एकालाही सोडवता येईल असं मला काहीच येत नाही.

मी प्रार्थना करून बघितली. नेहमीचे शब्द तोंडात यायचे आणि तिथंच राहायचे. पकडला जायच्या आधी बागेत येशूनंही मरण टळावं म्हणून मागितलं होतं, आणि ते त्याला मिळालं नव्हतं. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. पूर्वी तिचा आधार वाटायचा. आता ती फक्त खरी वाटत होती. खरी आहे एवढ्यावर विश्वास धरता येतो का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दादानं मात्र जेवणाआधी डोळे मिटायचं सोडलं नाही. "प्रभू, आजचं दिलंस, आभार," एवढंच म्हणून तो भाकरी मोडायचा. पर्मनंटचं का मागत नाहीस, असं मी त्याला एकदा विचारलं.

"आई मागतीय, तूही मागतोस ना? एकाच घरातनं तीन अर्ज कशाला?"

गेल्या आठवड्यात दोन लेक्चरच्या मधे मी कॉलेजच्या जिन्यात उभा होतो, तेव्हा दादाचा फोन आला. कामाच्या वेळेत त्यांचे मोबाइल गेटवर जमा असतात. नाव दिसलं तेव्हाच कळलं, तो आत नाही. त्याच्या मागं कंटेनरचे हॉर्न ऐकू येत होते.

"सकाळी कार्ड पंच होईना," तो म्हणाला. "वॉचमन म्हणला, बाजूला थांब. मग ठेकेदाराला फोन लावला."

"ब्रेक दिला का पुन्हा?"

"ब्रेक नाही रे. आईला सांगू नको आत्ताच, मी येऊन सांगतो. जुन्यातल्या कुणालाच पर्मनंट केलं नाही. नवीन ट्रेनी घेतलेत, पोरंच सगळी. माझं वय बसत नाही म्हणाला. आमची कार्डं कायमची बंद केलीत, परत बोलावणार नाहीत."