चौदा पानं आणि पाच प्रस्तावना

चौदा पानं जास्त होत होती. शुक्रवारची दुपार, पाचपर्यंत प्रेसला फाईल द्यायची आणि रविवारी सांगलीत प्रकाशन. मी तिसऱ्यांदा मोजलं. चौदाच.

मी पुस्तकांचं सेटिंग करतो, म्हणजे लेखकाचा मजकूर कॉम्प्युटरवर पानांत बसवून देतो. पुस्तक एकेक पान करून छापत नाहीत. मोठ्या कागदावर एकदम सोळा पानं छापतात, मग घड्या घालून कापतात. त्या सोळा पानांना फॉर्म म्हणतात. आमचं पुस्तक दहा फॉर्मचं ठरलं होतं, म्हणजे एकशे साठ पानांचं. कागद तेवढाच आला होता.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. ती चौदा पानं कशी कमी केली, ते मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

हे पुस्तक काढणाऱ्या प्रकाशन संस्थेचा मी नुसता सेटिंगवाला नव्हतो. पाच संस्थापकांतला एक होतो. माझाही एक कथासंग्रह लिहून पडला होता. पुण्याच्या प्रकाशकांनी आम्हा पाचही जणांना वेगवेगळ्या वर्षी, पण जवळपास एकाच शब्दांत परत पाठवलं होतं. मग साताऱ्याचे दोघे आणि सांगलीचे आम्ही तिघे एकत्र आलो. कथा-कादंबऱ्या आपणच छापायच्या, असं ठरलं. आमच्या भागात काहीही उभं करायचं तर नमुना एकच ठाऊक, साखर कारखाना. पहिल्याच बैठकीत एक चेअरमन, एक व्हाइस चेअरमन आणि तीन संचालक निवडले गेले. सभासद कुणी उरलाच नाही. शिक्का आणि लेटरहेड आठवड्यात तयार.

पहिलं पुस्तक कुणाचं, यावर मात्र आठ बैठका झाल्या. शेवटी कुणीच दुखावायला नको म्हणून बाहेरच्या लेखिकेची कादंबरी घेतली. चेअरमन अण्णा, साताऱ्याचे निवृत्त मुख्याध्यापक, यालाच भाषणात ‘नव्या लेखणीला संधी’ म्हणायचे.

ही लेखिका म्हणजे रंजनाताई. आटपाडीकडच्या आशा सेविका. तिकडचे पुरुष सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर जातात आणि बाया घरं सांभाळतात. कादंबरी अशाच एका बाईची. एका प्रकरणात ती न कळवता नवऱ्याच्या धंद्याच्या गावी, कोईमतूरला जाते. उंबऱ्यातूनच त्याचा दुसरा संसार बघते, पाणीही न पिता परतीची गाडी धरते. घरी येऊन नवरा सोडते. एवढंच. पण वाचताना माझा चहा गार झाला होता.

प्रस्तावनेसाठी मी दहा पानं राखली होती. अण्णांनी लिहिली. मग मान म्हणून व्हाइस चेअरमनने लिहिली. मग संचालक कसे मागे राहतील? एकाच्या प्रस्तावनेत नायिकेचं नावच चुकलं होतं. सगळ्यांची मिळून चोवीस पानं झाली.

मी अण्णांना फोन लावला.

“अण्णा, एक फॉर्म वाढवू या.”

“कागद कुठाय? आणि रविवारी पाहुणे कोण येतायत, ठाऊक आहे ना?”

“मग प्रस्तावना जरा कमी करू.”

“कुणाची? तुझी?”

पाचवी प्रस्तावना माझी होती. तीन पानं. ती कमी करून उरलेल्यांना “आता तुम्ही काढा” म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

“ते कोईमतूरचं प्रकरण काढ,” अण्णा म्हणाले. “बाई गाडीत बसून जाते आणि परत येते. काय घडतंय त्यात?”

ते प्रकरण बरोबर चौदा पानांचं होतं. मी काढलं. पाननंबर, अनुक्रमणिका, सगळं नीट लावलं. रंजनाताईंना विचारलं नाही. पाचला पाच कमी असताना फाईल प्रेसला गेली.

प्रकाशनाला पाहुण्यांनी ऊसदरावर पाऊण तास भाषण केलं. रंजनाताई स्टेजवर बसून पुस्तक चाळत होत्या. चाळता चाळता हात थांबला. कार्यक्रम संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या.

“दादा, कोईमतूरचं कुटं गेलं?”

“प्रेसमध्ये फाईल करप्ट झाली, ताई. ऐनवेळी कळलं.”

“आसूं द्या. मशीनचं काय खरं न्हाई.”

प्रेसवाला सरळ माणूस. त्याला आजही ठाऊक नाही की खापर त्याच्यावर फोडलंय.

पुस्तकाचं पुढं व्हायचं तेच झालं. बाई नवरा का सोडते हे कुणालाच कळेना. एका परीक्षणात आलं की लेखिकेला नायिकेचं मन उलगडता आलेलं नाही. अण्णांनी ते बैठकीत वाचून दाखवलं आणि “नवखी आहे, शिकेल,” म्हणाले. आम्ही माना डोलावल्या. माझीही डोलली. तिकडे रंजनाताईंच्या सासरी विचारणा झाली, “कारण नसताना नवरा टाकणाऱ्या बाया लिवतीस व्हय?”

चार वर्षांनी, गेल्या महिन्यात, विट्याला गेलो होतो. रंजनाताई स्टँडवर भेटल्या. प्रकरण मीच काढलं होतं, हे तिथंच सांगून टाकलं.

“मला म्हाईत हाय, दादा.”

“कधीपासून?”

“त्याच दिवशी कळलं. मशीन बिघडलं तर पाननंबर आसं नीट लागत्यात व्हय? आन् तुमची प्रस्तावना वाचली न्हवं का स्टेजवर! कोईमतूरच्या परकरणाचं लय कौतुक केलंय तुमी. दीड पान. आन् आत परकरणच न्हाई.”

दुसऱ्याचं प्रकरण कापताना स्वतःच्या प्रस्तावनेतला एक शब्दही मी हलवला नव्हता. आमच्यातल्या कुणाच्या ते चार वर्षांत ध्यानातही आलं नाही, कारण दुसऱ्याची प्रस्तावना कुणी वाचलीच नव्हती.

“मग बोलला का नाहीत?”

“पाच साहित्तिक हायसा. म्हटलं, एकजण तरी आपणहून बोलंल.” त्यांनी पिशवी उचलली. “आटपाडी गाडी लागली. येते.”

आता ती कादंबरी पुन्हा आलीय. रंजनाताईंनी आणि तिकडच्या दोन लिहित्या बायांनी मिळून काढली, चेअरमन न निवडता. कोईमतूर आत आहे, प्रस्तावना एकही नाही. सेटिंग इस्लामपूरच्या माणसानं केलंय, चांगलं केलंय. मी प्रत विकत घेऊन तपासली.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्याला एवढंच सांगेन. पानं जास्त झाली तर आधी प्रस्तावना काढा. आणि त्यातली एक तुमची असेल तर सुरुवात तिच्यापासून करा, फोन नंतर लावा.