थोडा भरवसा

"मावशी, इतक्यात नाव नगं," असं म्हणून माझ्या वरच्या खोलीतला तो पोरगा चष्मा कपाळावर ढकलायचा. मी मांजराला दूधचोर म्हटलं तरी त्याचं हेच. "डोळ्यानं बघितलं का? न्हाई ना? मग भरवसा मधला."

भूकंपात माझं घर बसलं आणि मी लातुरात आले. डॉक्टरकीच्या ट्यूशनला येणाऱ्या पोरांसाठी खानावळ काढली. तोही लोह्याहून आलेला असाच एक. डॉक्टर काही झाला नाही. कॉम्प्युटर शिकला आणि पुढे कितीतरी वर्षांनी परत येऊन माझ्याच वरच्या खोलीत दूरच्या कंपनीचं काम करू लागला.

काम म्हणजे हॅकरांच्या टोळ्या ओळखायच्या. हे चोर दिसत नाहीत. मग ते किती वाजता घुसतात, कोणतं हत्यार वापरतात, सुट्टी कधी घेतात, यावरून सारख्या चोऱ्या एका जागी मांडायच्या. आधी टोळीला नुसता नंबर. पुरावा साठला की नाव. कुणी कोल्हा, कुणी वादळ. दुसरी कंपनी त्याच टोळीला आपलं वेगळं नाव देणार.

"म्हणजे चोर एक आन् बारशी तीन?"

"हाव मावशी. आन् पाळण्यात कोण हाय ते कुणालाच ठाऊक न्हाई."

प्रत्येक अंदाजापुढे तो भरवसा लिहायचा: थोडा, मधला, पक्का. तुम्ही आम्ही एका नजरेत माणसाला चोर ठरवून मोकळे होतो. हा महिना महिना थांबायचा.

आमच्या गल्लीतल्या एका मोठ्या क्लासमधून पोरांचे मार्क आणि आईबापांचे फोन नंबर चोरीला गेले. क्लासच्या सरांनी यालाच तपास करायला सांगितला. त्यानं अहवाल लिहून सरांना दिला, त्याच्या धंद्यातल्या इतर कंपन्यांनाही पाठवला. त्यात एक ओळ होती. टोळी शुक्रवारी दुपारी थांबते, नमाजासाठी असावं, भरवसा थोडा.

सरांनी भरवसा वाचलाच नाही. क्लासमध्ये नसीम नावाची कॉम्प्युटर ऑपरेटर होती, आमच्या मागच्या गल्लीतली, सहा वर्षं कामाला. दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवलं.

मला कळलं तेव्हा तो जेवत होता.

"शुक्रवारी दुपारी हितं लाईट असती का रे?"

"असतीच की."

"तुला असती. तुझ्या खोलीत दोन बॅटऱ्या हायेत."

दुरुस्तीसाठी दर शुक्रवारी दुपारी आमच्या भागाची वीज बंद असते. क्लासच्या इन्व्हर्टरवर नुसते पंखे फिरतात. बंद मशीनमध्ये चोर घुसणार कसा? सुट्टी चोराची नव्हतीच.

त्यानं घास ताटात ठेवला. "थोडाच भरवसा लिवला होता, मावशी."

"थोडा होता तर लिवलास कशाला?"

तो सरांकडे गेला. चूक माझी, लिहून देतो म्हणाला. सर म्हणाले, "पालकांना सांगून झालंय. आता उकरून काढू नका." मग त्यानं स्वतःच्या अहवालातली ओळ खोडली. पण एका कंपनीनं ती याच्याकडून उतरवून घेतली होती आणि दुसरीनं त्या कंपनीकडून. दोन ठिकाणी तेच दिसल्यावर तिसरीनं भरवसा पक्का लिहिला. हे सांगताना तो हसला. मला ते हसू आवडलं नाही.

माफीचं पत्र घेऊन तो नसीमच्या दारात गेला. मी सोबत होते. तिनं कागद हातात घेतला नाही.

"भैय्या, मी काय केलं न्हाई हे मला ठाऊकच हाय. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना द्या."

त्यानं पत्राच्या प्रती काढल्या आणि एकेका क्लासची पायरी चढला. खुर्ची मिळायची, चहा मिळायचा. नसीमला काम कुणी दिलं नाही. ती नांदेडला मामाकडे निघून गेली, तरी हा फिरतच होता.

भाजी घेऊन येताना एकदा मला दिसला. एका क्लासच्या दारात शिपायानं त्याला अडवलं होतं. "सर बिझी हायेत. नोकरीचा अर्ज असंल तर त्या पेटीत टाका."

त्यानं पत्राची घडी घातली आणि ते पेटीत टाकलं. त्या आठवड्यात त्यानं खोली सोडली.