मागं मानूस हाय

"सावकाश मॅडम, मागं मानूस हाय."

मामांचं हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बावळटासारखं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. भर दुपारचं मोकळं पटांगण, पाडलेल्या भिंतींचे ढीग आणि एक कडुनिंब. मामा माझ्यापुढं दोन पावलांवर चालत होते. दोन्ही हात मांड्यांशी, मुठी आवळलेल्या, कोपरं जराशी ताणलेली. स्ट्रेचरचं पुढचं टोक धरून माणूस चालतो तसे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण स्ट्रेचर काही हातातून सुटलं नव्हतं.

दवाखान्यात वॉर्डबॉयला मामा म्हणतात आणि आयाबाईला मावशी, हे तुम्हाला सांगायला नको. अशा एखाद्या मामाला आपण सगळ्यांनीच कधी ना कधी "मामा, जरा लवकर" म्हटलेलं असतं आणि त्याचं नाव विचारलेलं नसतं. मीही विचारलं नाही.

आमच्या गावातला जुना सरकारी दवाखाना हायवेवरच्या नव्या इमारतीत गेला आणि त्याची जागा नगरपालिकेकडं आली. तिथं बाग, वाचनालय, थोडी दुकानं, आणि या सगळ्यांतून पायी फिरायच्या आणि सायकलच्या वाटा, अशी योजना होती. वाटांची आखणी माझ्याकडं. मी नगरपालिकेत इंजिनिअर, आणि स्वभावानं सरळ रेषेची. दोन बिंदू दिसले की मला ते जोडावेसे वाटतात. जुने नकाशे कुठंच सापडेनात, तेव्हा साहेब म्हणाले, "तो उमापूरकडचा मामा आहे ना, त्याला घेऊन जा. संडासाची टाकी कुठं आहे ते त्यालाच ठाऊक."

मामांना टाकी ठाऊक होती, बुजवलेला आड ठाऊक होता. अडचण एवढीच की त्यांना भिंतीही ठाऊक होत्या. सगळं पाडून नुसत्या फरशा उरल्या होत्या, तरी मामा भिंतीतून जायचे नाहीत. वळसा घालून, जिथं दार होतं तिथूनच आत शिरायचे. मी एकदा टेप घेऊन सरळ आडवी निघाले, तर म्हणाले, "तिकडून कुठं मॅडम? ती बाळंतिणीची खोली हाय. दारानं या." मी कपाळाला हात लावला, मागं फिरले आणि दारानं आले. दारात मामांनी माझ्यासाठी पडदा बाजूला धरला.

हसू नका. पुढं एका दुपारी मी एकटीच मापं घेत होते आणि लक्षात आलं, आपणही वळसा घालतोय. खोलीत फिनेलचा वास येत होता. पाडून वर्ष झालेल्या खोलीत. मला भीती वाटली हे कबूल करते. टेप गुंडाळली आणि चहाला गेले.

कामाला मात्र माणूस पक्का होता. "हितं चढ हाय," ते म्हणायचे. मला जमीन सपाट दिसायची. "डोळ्याला न्हाई दिसत. हाताला कळतंय. पोटाचं आपरेशन झालेला पेशंट असला की लई कळतंय." मी यंत्र लावून पाहायचे, तर खरंच चढ निघायचा. आमच्या वाटेवर सायकलला धक्का बसत नाही असं आज लोक म्हणतात. ते श्रेय माझं नाही.

पूर्वेच्या फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत मी सायकलची वाट सरळ काढली होती. ती कडुनिंबाला घासून जात होती. तिथं आलं की मामा थांबायचे. वाकून दोन्ही मुठी जमिनीला टेकवायचे, क्षणभर उभे राहायचे. मग चार पावलं मागं येऊन पुन्हा वाकायचे आणि चालू लागायचे.

"कावून थांबता मामा?" मीही एव्हाना त्यांच्यासारखं बोलायला लागले होते.

"हितं इसावा हाय. नकाशात घाला तेवढं."

मी आनंदानं घातला. आमच्या खात्यात विसावा म्हणजे बाकडं. नकाशात चार विसावे होतेच, हा पाचवा. दोन बाकडी आणि पाण्याचा नळ. साहेबांनी वर एक सेल्फी पॉइंट सुचवला. रंगीत प्रत मामांना दाखवली तेव्हा ते बोट ठेवून अक्षरं लावत राहिले.

"हे काय हाय?"

"बाकडं. तुम्हीच म्हणालात ना, विसावा."

"ह्याच्यावर कोन बसायचं?"

"येणारी-जाणारी माणसं."

मामांनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "तसला इसावा न्हाई, मॅडम."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. तिरडी नेताना अर्ध्या वाटेवर एकदा खाली टेकवतात, मागचे खांदेकरी पुढं येतात, पुढचे मागं जातात, आणि मग उचलतात, तो विसावा. मी तो फक्त ऐकला होता. माझ्या वडिलांना नेलं तेव्हा आम्ही बायका दारापर्यंतच गेलो होतो.

मामा खाली बसले आणि सांगू लागले. मागच्या भिंतीला शवागार होतं. ज्यांची माणसं होती त्यांना माणसं घरी न्यायची, त्यांचा विसावा त्यांच्या गावच्या वाटेवर. पण हायवेवर सापडलेले, कुणी दारात सोडून गेलेले, त्यांचं काय? "त्यांला वाट एवढीच, मॅडम. वॉर्डातून त्या खोलीपर्यंत. म्हनून आमी आर्ध्यात टेकवायचो. मागचा पुढं यायचा, मी मागं जायचो. शिस्टर वरडायची, कावून थांबता म्हनून. मी म्हनायचो, हात भरून आले."

"आणि ती काय म्हणायची?"

"म्हनायची, तुझे हात हितंच बरे भरून येतात. पर कधी रिपोर्ट केला न्हाई." ते उठले, मुठी पुन्हा आवळल्या. "बाकी तुमचं तुमी बघा. त्यांच्यावरून चाकं तेवढी नगा जाऊ देऊ."

वाट मंजूर झाली होती. मी म्हटलं, "बघते."

कचेरीत 'बघते' म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. मामांनाही माहीत होतं. त्यांनी मान हलवली आणि चालू लागले. दसऱ्यानंतर मुलगा आणि सून ऊसतोडीला निघाले, तेव्हा उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत नातवंडं राखायला मामाही त्यांच्याबरोबर गेले. मला सांगायला आले होते म्हणे. मी मीटिंगमध्ये होते.

ते गेल्यावर ती वाट मला काही सुचू देईना. आखणीसाठी चुन्याची फक्की मारायला माणसं घेऊन गेले की कडुनिंबाशी माझेच हात जड व्हायचे. शेवटी साहेबांना सांगितलं, मुळं वर येतील, काँक्रीट फुटेल, वाट वळवावी लागेल. त्या निंबाची मुळं खोल आहेत, हे मला ठाऊक होतं. साहेबांनी माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं आणि सही केली. वाट निंबापासून दहा पावलं बाहेरून वळली. बाकडी खोडली, सेल्फी पॉइंट खोडला. हे मामांना सांगायचं होतं. गुढीपाडव्याला तोडकरी परतले की सांगू, म्हटलं.

पाडव्यानंतर मामांचा मुलगा एकटाच कचेरीत आला. भादरलेल्या डोक्यावर केस पुन्हा बोटभर वाढले होते. म्हणजे दहावं-तेरावं कधीच उरकलं होतं.

"बापू गेले," तो म्हणाला. "थंडीतच. तुमाला सांगा म्हनले व्हते, टाकीचं झाकन पक्कं बसवा म्हनून."

 मी विचारलं, "विसावा दिला का?"

तो गोंधळला. "चौघंच व्हतो, मॅडम. ट्रॉलीतून न्हेलं. ट्रॉलीला कुठं टेकवनार?"

मी त्याला घेऊन जुन्या दवाखान्यावर गेले. नव्या वाटेवर संध्याकाळची माणसं फिरत होती. पूर्वेच्या फाटकापासून आम्ही निघालो, तो पुढं, मी मागं. चालताना त्याला सगळं सांगितलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. कडुनिंबाशी तो वाट सोडून आत शिरला आणि थांबला. "हितं?"

"इथंच."

तो वाकला आणि दोन्ही मुठी जमिनीला टेकवल्या, अगदी मामांसारख्या. त्याचे खांदे हलत होते. मीही रडत होते. मग मला आठवलं की मागच्यानं पुढं यायचं असतं. मी पुढं गेले. वाकले, मुठी आवळल्या, उचललं. काय उचललं ते विचारू नका, पण कोपरं ताणली गेली.

वाटेवर आलो तर समोरून एक म्हातारे गुरुजी सायकलवर घंटी वाजवत येत होते.

"सावकाश गुरुजी," मी म्हटलं, "मागं माणूस आहे."

गुरुजींनी ब्रेक दाबला, एक पाय खाली टेकवला आणि आम्हा तिघांना वाट दिली.