आजोबांची पाणपोई

"युरोपात कसला आलाय उन्हाळा? दोन-तीन स्वेटर टाक चांगले!" असं ज्यानं कोणी मला सांगितलं, त्याचं नाव मी घेणार नाही. त्याचं त्याला ठाऊक आहे. त्यानं गोंदियाच्या पलीकडे फक्त नागपूर पाहिलंय, तेही वरातीत नाचायला गेला होता म्हणून. पण माझी बॅग त्यानंच लोकरीनं भरली, आणि पुढे परदेशात माझी जी शोभा झाली तिची सुरुवातही तिथूनच झाली.

सांगतो. चहा घ्या तोवर. फक्त आत्ताच हसून संपवू नका, पुढे लागेल.

मी गोंदियाजवळच्या कामठ्याचा. घरी धानाची शेती, कॉलेज गोंदियाला. मे महिन्यात गोंदिया स्टेशनवर गाडी थांबली की कॅन घेऊन खिडक्या-खिडक्यांशी पळणारी, प्रवाशांच्या बाटल्या फुकट भरून देणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. तीन उन्हाळे त्यांत मीही पळलोय. तहानलेल्या माणसाला पाणी मागावं का लागावं, हा प्रश्न तेव्हा जो डोक्यात शिरला, तो मला पाणी-व्यवस्थापन शिकायला थेट जर्मनीत घेऊन गेला.

एप्रिलात पोचलो. स्वेटर उपयोगी पडले, खोटं कशाला बोलू? पण जुलै उजाडला!

एका शनिवारी शेजारच्या शहरातून रेल्वेनं परत येत होतो. बाहेर अडतीस अंश. आता अडतीस म्हणजे काय हो? मे महिन्यात तिरोड्यात अडतीस असलं तर लोक म्हणतात, आज हवा चांगली आहे! मी ऐटीत चढलो. अर्ध्या वाटेत गाडी मक्याच्या शेतात थांबली आणि एसी बंद पडला. म्हटलं, खिडकी उघडू. कुठली उघडते! अख्ख्या डब्यात उघडणारी खिडकीच नाही. बरणीत लोणचं मुरावं तसे आम्ही पन्नासेक जण पाऊण तास मुरत होतो. शेवटी मी बाटलीतलं उरलेलं पाणी दुपट्ट्यावर ओतलं आणि आपल्याकडची पोरं बांधतात तसा तो डोक्याला-तोंडाला गुंडाळला. फक्त डोळे उघडे. समोरच्या बाईंनी पर्स उचलून दुसऱ्या मांडीवर घेतली. तिकीट तपासणाऱ्यानं तर माझं तिकीट दोन्ही बाजूंनी पाहिलं.

उतरलो त्या स्टेशनवर नळ नाही, माठ नाही, कॅन घेऊन पळणारं कोणी नाही. पाणी यंत्रातून, विकत. मी इतका संतापलो! केवढा श्रीमंत देश, आणि फलाटावर एक घोट पाण्याची सोय नाही?

तसाच तणतणत घरी आलो, तर जिन्यात फ्राउ बेकर बसलेल्या.

फ्राउ बेकर म्हणजे सगळ्यात वरच्या, कौलांखालच्या खोलीत राहणाऱ्या आजी. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या, इमारतीला लिफ्ट नाही. आणि पंखा तर त्या इमारतीत कोणाच्याच घरी नाही. पंखा! आमच्याकडे गुरांच्या गोठ्यातसुद्धा पंखा असतो! त्या पहिल्या वळणाच्या पायरीवर बसून धापा टाकत होत्या. चेहरा लालबुंद, पिशवी पायरीवर टेकवलेली.

"पाणी आणू?"

"नको नको, तुला त्रास कशाला? मी संध्याकाळी चहा घेईन."

संध्याकाळी चहा! रेडिओवर सकाळपासून सांगत होते, म्हाताऱ्या माणसांना जपा, त्यांना पाणी पाजा. कोणी पाजायचं? चार महिने झाले होते मला, इमारतीत 'हालो'च्या पुढे कोणी बोललं नव्हतं. आजींना माझ्याकडून पाणी घेणं म्हणजे उपकार घेणं वाटत होतं. मग ठरवलं, उपकार वाटणारच नाही अशी सोय करू. पाणपोईचं पाणी घ्यायला कोणाला लाज वाटते का?

झालं! डोक्यात आलं की मला दम निघत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी जुन्या वस्तूंच्या बाजारात गेलो. आणि काय सांगू, तिथं चक्क मडकं! लाल मातीचं, गोल, वर झाकण, बाजूला कोरलेलं झाडाचं पान. खाली दोन शब्द, 'रूहे झान्फ्ट'. 'रूहे' म्हणजे शांतता, हे इमारतीतल्या नियमांच्या पाटीवरून माहीत होतं. 'झान्फ्ट' म्हणजे हळुवार. शांतपणे, हळुवार. म्हणजेच घटाघटा पिऊ नका, सावकाश प्या! शिवाय आमच्या गोंदियाच्या हिंदीत रूह म्हणजे आत्मा. उन्हातून येऊन पाणी प्यायल्यावर शांत काय होतं? आत्माच ना?

दुकानदार म्हातारा होता. त्यानं अगदी हलक्या आवाजात विचारलं, "कोणासाठी?"

"सगळ्यांसाठी!"

"सगळ्यांसाठी?"

"हो. अख्खी इमारत. बावीस माणसं आहेत."

म्हातारा खुर्चीवर बसला. "कधी झालं हे?"

"झालं नाही, चालूच आहे! रोज वाढतंय. सरकारला फिकीर नाही. वरच्या मजल्यावरच्या आजींचं तर आज-उद्यावरच आलंय."

"आणि... एवढं एकच पुरेल?"

"पुरेल की! रिकामं झालं की पुन्हा भरायचं."

त्यानं मडकं कागदात गुंडाळलं, दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवलं, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, "माइन बायलाइड."

हा शब्द मला नवीन. पण माणसाचा चेहरा किती प्रेमळ होता! म्हटलं, 'भलं होवो तुझं' असा काहीतरी अर्थ असणार. मीही मान झुकवून ठणकावून म्हटलं, "माइन बायलाइड!"

संध्याकाळी पहिल्या वळणावर, खिडकीखाली, स्टूल मांडलं. मडकं घासून भरलं, भोवती ओला पांढरा दुपट्टा गुंडाळला, शेजारी पेले. आता आपल्याकडची पाणपोई कधी नुसती असते का? कोणाच्या तरी स्मरणार्थ असते. पाटी असते, फोटो असतो. मी माझ्या आजोबांचा फोटो लावला, धानाच्या बांधीत उभे असलेले. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. मोठे पाणी पाजणारे होते. वाटसरू तहानेला गेला की त्यांना जेवण गोड लागत नसे.

पाटी लिहायला घेतली. माझं जर्मन चार महिन्यांचं, त्यात कागद लहान. लांबलचक वाक्यं कोण वाचतं? मी मुद्द्याचं तेवढं लिहिलं:

'माझे आजोबा. थंड. ताजे. सर्वांसाठी. झाकण काढून हवे तेवढे घ्या.'

पाणी हा शब्द राहिला खरा. पण पाणी काय लिहून सांगायचं असतं?

सकाळी पाहतो तर मडक्यापुढे एक पांढरं फूल! माझा ऊर भरून आला. दुपारी मेणबत्ती लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या मिशीवाल्या काकांनी, ज्यांनी चार महिन्यांत माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, त्यांनी टोपी काढून माझा हात हातात घेतला. "माइन बायलाइड."

"माइन बायलाइड! माइन बायलाइड!" मी हसत त्यांच्या पाठीवर थाप मारली. ते दोन पावलं मागे सरकले. म्हटलं, लाजाळू माणूस आहे.

मग तो शब्द मी सुटा सोडलाच नाही. पाव घेताना बायलाइड, टपाल घेताना बायलाइड. तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं त्याच दिवशी लग्न करून आलं, हातात फुलं, पांढरा झगा. मी जिन्यात दोघांचेही हात धरले आणि म्हणालो, "अगदी मनापासून बायलाइड!" नवरी माझ्याकडे पाहतच राहिली. नवरा तिला पटकन घरात घेऊन गेला.

रात्रीच्या जेवणाआधी मायचा व्हिडिओ कॉल आला. मी ऐटीत फोन मडक्यापुढे नेला.

"काऊन रे बाबू, फुलं कायले वाहिली तिथं?"

"लोकं मान देऊन राहिले, माय!"

"मडकं, दिवा, फुलं, बाबाजीचा फोटो... मले तं काही बरोबर दिसून नाही राहिलं. अन् लोकं पाणी पिऊन राहिले का?"

"माय, तुले जर्मनीतलं काय समजते?" म्हणून मी फोन ठेवला.

पण तिचा शेवटचा प्रश्न टोचला. पाणी पिऊन राहिले का? झाकण काढून पाहिलं. एक थेंब कमी झाला नव्हता! फूल वाहतात, मेणबत्ती लावतात, पाणी मात्र कोणी पीत नाही. आणि फ्राउ बेकर? त्याही मडक्याशी थांबत, माझ्या खांद्यावर हात ठेवत, सुस्कारा सोडत आणि कोरड्या ओठांनी चार मजले चढून जात.

तिसऱ्या दिवशी पारा आणखी चढला. मी कॉलेजातून आलो तर आजी मडक्याजवळच्याच पायरीवर भिंतीला टेकून बसलेल्या. डोळे अर्धे मिटलेले. पाणी हातभर अंतरावर, आणि बाई तहानेनं सुकतेय! माझं डोकंच फिरलं. मी झाकण काढलं, पेला बुडवला आणि त्यांच्या ओठांशी नेला.

"प्या!"

तेवढ्यात मिशीवाले काका खालून धावत आले आणि त्यांनी माझं मनगटच पकडलं. "नाइन! फ्राउ बेकर, पिऊ नका! ते त्याचे आजोबा आहेत!"

"आजोबांचंच आहे!" मी ओरडलो. "खास सगळ्यांसाठी ठेवलंय! हे पाहा, मी स्वतः पितो!" आणि पेला एका दमात रिकामा केला.

वर तिसऱ्या मजल्यावरून नवरीची किंकाळी आली.

आजींनी डोळे उघडले. पुन्हा भरलेल्या पेल्यात त्यांनी बोट बुडवून पाहिलं. "हे तर पाणी आहे."

"पाणीच आहे!"

"आणि आजोबा कुठे आहेत?"

"ते सहा वर्षांपूर्वी वारले."

"ते कळलं, मुला. आता कुठे आहेत?"

"वैनगंगेत! नदीत सोडली ना रक्षा."

"म्हणजे यात नाहीत?"

"यात कसे असतील? हे मडकं आहे!"

आजी सावकाश म्हणाल्या, "मुला, हा अस्थिकलश आहे. त्यावर लिहिलंय, चिरशांती लाभो."

मी मडक्याकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. 'माझे आजोबा. थंड. ताजे. हवे तेवढे घ्या.' पायाखालची पायरी सरकली म्हणा ना!

"आणि... बायलाइड म्हणजे?"

"तुमच्या दुःखात सहभागी आहे," काका म्हणाले. मग मला वर दाराशी उभं असलेलं ते नवं जोडपं दिसलं, आणि त्यांना मी काय आशीर्वाद दिला होता ते आठवलं.

आजी हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग हुंदके दिल्यासारख्या हसल्या, डोळ्यांतून पाणी. "एवढं पाणी डोळ्यांतून गेलं, भरून काढायला पाहिजे," म्हणाल्या, आणि पेला तोंडाला लावला. एक. दोन. तीन पेले! मी मोजले. मग काकांनी कपाळ पुसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "खरंच गार आहे का?"

त्या आठवड्यात इमारतीतले लोक चार महिन्यांत बोलले नव्हते तेवढे बोलले. पाणी रोज कोण भरणार याची यादी दारावर लागली. माझी पाटी मात्र काढू दिली नाही. फक्त नवरीनं लाल पेननं मधे 'पाणी' हा शब्द घातला. आजींच्या खोलीत काकांनी कुठूनतरी टेबलफॅन आणून लावला. उन्हाळा सरला, आणि आजी ठणठणीत चार जिने चढत राहिल्या.

आता सुट्टीत गावी आलोय. परवा त्यांचा निरोप आला: 'येताना तुमच्याकडचं खरं मडकं आण. हे जुनं मी धुऊन माझ्यासाठी बाजूला ठेवलंय. घाई नाही. आधी बरेच उन्हाळे प्यायचे आहेत.'

मडकं विमानातून न्यायचं कसं? स्वेटरांत गुंडाळून! शेवटी आले ना उपयोगी?

म्हणून काल आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजारात गेलो. कुंभारीण मावशी झाडाखाली मडकी मांडून बसली होती. म्हटलं, "मावशी, एक मडकं द्या. चांगलं पक्कं."

तिनं मान वर न करताच विचारलं, "कायले पाहिजे बाबू? पाणी ठेवाले का मयतीले?"

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. म्हटलं, "मावशी, तुम्ही हे सगळ्यांनाच विचारता का?"

"तं? इचारा नाही लागत?" एक मडकं बोटानं वाजवून पाहत ती म्हणाली. "मयतीचं मडकं प्यायाले नेणारा येडा अजून तं नाही भेटला मले."