वाणाच्या ताटातले बूट

जावयाला डोंगर चढायचा नाद व्हता. रविवार आला की पाठीवर पिशवी टाकून चालला. कधी रामशेज, कधी हरिहर, कधी पार तिकडं साल्हेर. पोरीनं सांगितलं तव्हा मला खरंच वाटंना. हाफिसात खुर्चीवर बसायची नोकरी, शहरात द्वारका चौकाजवळ पक्कं घर, आन सुट्टीच्या दिशी डोंगर? म्या इचारलं, "लाकडं आणाया जात्यात का गं?"

ती हसून हसून लोळली. "नाय गं आई. नुसतं चढायचं, बघायचं आन उतरायचं."

आम्ही दुष्काळाच्या कामावर टेकाड फोडून रस्ता केला. अनवाणी खडी तुडवली. मालक गेले तव्हा पोरगी कडेवर व्हती. मंग सायखेड्याच्या शिवारात झेंडूचा तुकडा एकटीनं पिकवला, फुलाच्या पाट्या डोक्यावर घेऊन चालले. कुणी हौस म्हणून चालतं, हे काय मला म्हाईत नव्हतं.

लग्नानंतर पहिला धोंड्याचा महिना आला, तव्हा लेक-जावयाला जेवाया बोलावलं. पाटावर बसवून जावयाचे पाय परातीत धुवायचे, मंग अनारशाचं वाण द्यायचं, अशी रीत. पाय हातात घेतले तर दोन्ही आंगठ्याची नखं काळीनिळी, टाचेला फुटलेला फोड.

जावई लाजले. "राहू द्या मामी, काही नाही. उतरताना बूट टोचतात."

त्या खेपेला म्या समद्यांसारखं चांदीचं निरंजन दिलं. पण ती नखं काय डोळ्यापुढून हालंनात.

तीन वर्सांनी पुढचा धोंडा यायचा व्हता तव्हा पोरगी म्हणली, "आई, आता निरंजन नको. कपाटात पडून हाय ते. सफारीचं कापड तर आणूच नको, ते घालत न्हाईत. उपयोगाचं काय तरी बघ."

"घोंगडी देऊ? डोंगरावर थंडी आसंल."

"पाठीवर कोण वागवील एवढं ओझं?"

"मंग बॅटरी?"

"दोन हायेत."

माझ्या मनात बूट पक्के झाले व्हते. आदल्या दिवाळीलाच माप घेतलं व्हतं. जावई आंघोळ करून वल्ल्या पायानं वट्यावरून आत गेले, वट्याच्या फरशीवर पाय उमटला. वाळायच्या आत म्या फुलं ववायचा दोरा त्याच्यावर धरला, टाचेपासून आंगठ्यापर्यंत, आन गाठ मारून ठिवली.

द्वारका चौकातल्या बुटाच्या दुकानात तो दोरा काढून दावला. दुकानदार म्हणला, "मावशी, दोऱ्याला बूट घालायचा का?"

"डोंगर चढायचा बूट पायजे. ह्या मापाचा."

"कोण चढणार? तुम्ही?" दुकानातली पोरं फिदीफिदी हसली. हसू द्या. म्या एक-एक जोड घेऊन तळवा वाकवून बघितला. पुढं आंगठ्याच्या जागी दाबून बघितलं. एक जोड व्हता जाड तळव्याचा, घोट्याच्या वर येणारा, चामड्याचा. म्हणलं, "ह्याच्यावर पाणी वता."

"पाणी? बुटावर?"

"आत जातं का बघू."

त्यानं तोंड वाकडं करून पेल्यातलं पाणी वतलं. नाय गेलं आत. मला लय बरं वाटलं. येताना यष्टीत मांडीवर खोकं घेऊन बसले. कुणाला बी मांडीवर लेकरू हाय वाटलं आसंल.

धोंड्याच्या दिशी विहीणबाई बी आल्या. घर सारवलेलं, पुरण शिजलेलं. म्या पाय धुतले, कुंकू लावलं. मंग आतून ताट आणलं. ताटात अनारसे आन शेजारी ते नवे बूट. वरून जरीचा खण झाकलेला, दिवा ताटापुढं पाटाजवळ. वाण झाकूनच देतात.

विहीणबाईंनी खण उचलला आन त्या मागं सरकल्या.

"अहो विहीणबाई, हे काय? अनारशाच्या ताटात चामडं? दिवा लावलाय तिथं!"

मला समजलंच नाय काय चुकलं. म्या म्हणलं, "नवे हायेत. कुणी पाय घातला नाय त्यात."

"लोक जावयाला चांदी देतात. तुम्ही पायताण दाखवता?"

"तसं नाय वं. आमच्यात दसऱ्याला चाबूक, बैलाच्या जुवाचे चामड्याचे पट्टे, समदं पाटावर मांडतात. हळदकुंकू वाहतात. ज्याच्यावर पोट चालतं, ते—"

"म्हणजे माझा मुलगा तुमचा बैल झाला का?"

शेजारच्या बाया दारात व्हत्या. त्यातली एक खुदकन हसली. ते हसू अजून कानात हाय. पोरगी पाटावर खाली मान घालून बसलेली, तिचे कान लाल. म्या जावयाकडं बघितलं. ते दिव्याकडं बघत व्हते.

त्या ताटातला एक बी अनारसा कुणी उचलला नाय. पुरण कसंबसं खाल्लं. निघताना विहीणबाई दारात म्हणल्या, "हिला आता सारखं सारखं माहेरी पाठवायला नको. असलंच शिकून येईल."

बूट खोक्यात माझ्याकडंच राहिले.

पंचमीला पोरगी दर साली यायची. आली नाय. गौरीला बी आली नाय. म्या कुणाला इचारलं नाय, कुणाला सांगितलं नाय. पाण्याला जायचं तर बाया नसतील तव्हा जायचं. पोरीचं माहेर माझ्या हातानं तोडलं, एवढंच डोक्यात. ते बी प्रेमानं बघून, दाबून, पाणी वतून आणलेल्या वस्तूनं.

त्या साली माझ्या टाचेच्या भेगा लय वाढल्या. झेंडूला पाणी धरताना चिखल आत जायचा, आग व्हायची. एक दिवस खोकं उघडलं. वस्तू काय कुजवायची? मोठे व्हत व्हते, म्हणून जुनं लुगडं फाडून पुढं चिंध्या कोंबल्या, आन घातले. पाय कोरडा राहिला. मंग रोजच घालाया लागले. वावरात कोण बघतंय?

दसऱ्याच्या तोंडावर सकाळी पाणी धरलं व्हतं. मागून हाक आली, "मामी."

जावई. पाठीवर पिशवी, बांधावर उभे.

म्या तशीच वाफ्यात उभी. वाटलं आजून बुडावं, घोट्यापर्यंतचं पाणी गुडघ्यापर्यंत यावं. लुगडं खाली वढलं. पण त्यांनी बघितलं व्हतं.

"मामी, माझी वस्तू राहिली होती तुमच्याकडे. न्यायला आलो."

बाहेर आले. बांधावर बसले आन नाड्या सोडल्या. चिखलानं गाठी फुगलेल्या, सुटंनात. बूट निघाला, मंग आतल्या चिंध्या. एक काढली, दुसरी काढली. लुगड्याचा काठ दिसत व्हता त्यांना. जावयाच्या वाणात सासूनं पाय घातला. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

ते बी खाली बसले. "चावतात का?"

"आधी चावायचे. खोबरेल लावलं, मंग मऊ पडले."

"घसरतात?"

"नाय. चिखलात बी धरून राहतात."

त्यांनी निघालेल्या बुटाचा तळवा वाकवून बघितला. मंग म्हणले, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"आईपुढं कोण बोलतं? राहू द्या."

"नाही मामी. दिवाळीला हिला घेऊन येतो. आई नाही म्हणाली तरी."

म्या बूट पाटाच्या पाण्यात धुतले, पदरानं पुसाया गेले तर त्यांनी हातातून वढून घेतले. नाड्या एकमेकीला बांधून खांद्यावर टाकले आन गेले. टपटप पाणी गळत व्हतं शर्टावर.

दिवाळीला पोरगी आली. जावयानं पायरीवर बूट काढले. चांगलेच झिजले व्हते. रात्री दहिवर पडतं म्हणून म्या आत ठेवाया उचलले, तर एकाच्या टोकात चिंधी तशीच. माझ्या लुगड्याची. विहीणबाईंनी बघितली आसंल का, असं वाटलं. हळूच काढली आन चुलीत घातली.

सकाळी जावई बुटात हात घालून चाचपत व्हते. "मामी, यातलं फडकं कुठं गेलं? त्यानं नखाला लागत नव्हतं."

म्या वर बघितलं नाय. म्हणलं, "उंदरानं नेलं आसंल," आन भाकरी थापाया बसले.